सामाईक खोलीचा हिशेब

मुंबईतील एखाद्या जुन्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची विशेष सर्वसाधारण सभा पुनर्विकासाच्या प्रस्तावावर विचार करण्यासाठी भरते, तेव्हा तीत सर्वांत आधी जो प्रश्न विचारला जातो, आणि रात्री उशिरा सभा विसर्जित झाल्यावर जिन्यात उभे राहून सभासद ज्याची पुन्हा उजळणी करीत असतात, तो एकच असतो: प्रत्येकाला क्षेत्र किती वाढवून मिळणार? त्याच्या मागोमाग कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम, किती, पर्यायी जागेचे भाडे किती आणि गाडीला जागा मिळणार की नाही, हे प्रश्न येतात. ज्या घरात आज दोनच वृद्ध माणसे राहतात आणि ज्यांची मुले परगावी किंवा परदेशी स्थायिक झाली आहेत, त्या घराच्या वाढीव खोलीत उद्या कोण झोपणार आहे, उंच इमारतीच्या लिफ्टचा, पंपाचा आणि अग्निशमन यंत्रणेचा मासिक बोजा निवृत्तिवेतनातून कसा उचलला जाणार आहे, आणि आजवर ज्या जिन्याच्या वळणावर शेजाऱ्याची गाठ पडत असे ते वळण नव्या नकाशात कोठे आहे, हे प्रश्न सभेच्या इतिवृत्तात शोधूनही सापडत नाहीत. याबद्दल सभासदांना दोष देण्यात हशील नाही. घर म्हणजे चौरस फूट, हा धडा त्यांना शासनाने, महानगरपालिकेने, बँकेने आणि बिल्डरने मिळून कित्येक वर्षे पढवला आहे, आणि ते तो मन लावून शिकले आहेत, इतकेच.

घराचे मोजमाप केवळ भिंतीच्या आतल्या क्षेत्राने करण्याची ही पद्धत आपल्या शहरांना यापुढे परवडणारी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि तिला पर्याय म्हणून ज्या सहनिवासाची चर्चा वास्तुशास्त्राच्या विद्यालयांतून अधूनमधून होत असते, तो परदेशातून आणवण्याची आवश्यकता नसून त्याचे कायदेशीर रूप आपल्या सहकार खात्याच्या दफ्तरात साठ वर्षांहून अधिक काळ पडून आहे, हे मला येथे मांडावयाचे आहे. सहनिवास म्हणताना वसतिगृह अभिप्रेत नाही, एका चुलीवरचे एकत्र कुटुंब अभिप्रेत नाही, आणि नोकरीसाठी शहरात आलेल्या तरुणांना कंपन्या 'को-लिव्हिंग' या नावाखाली खाटेगणिक जी जागा भाड्याने देतात ती तर मुळीच नाही. प्रत्येक कुटुंबाचे स्वयंपाकघरासह, आतून कडी लावता येईल असे संपूर्ण पण काहीसे आटोपशीर घर. त्याच्या जोडीला सर्वांच्या मालकीची काही दालने, म्हणजे मोठे जेवणघर, कपडे धुण्याची जागा, पाहुण्यांच्या दोन-तीन खोल्या, मुलांना आणि म्हाताऱ्यांना दुपार काढता येईल अशी पडवी. आणि या सर्वांचा आराखडा तेथे राहणाऱ्यांनीच, पाया खणण्यापूर्वी, वास्तुविशारदाबरोबर बसून ठरवलेला, एवढाच त्याचा अर्थ.

ही कल्पना आधुनिक स्वरूपात प्रथम रुजली ती डेन्मार्कमध्ये. यान गुडमन-हॉयर या वास्तुविशारदाने १९६४ मध्ये मित्रांना जमवून तिचा विचार सुरू केला. पुढे १९६७ मध्ये बोडिल ग्रोए या लेखिकेने, प्रत्येक मुलाला शंभर आईबाप असावेत, अशा आशयाचा लेख वृत्तपत्रात लिहिला. आणि १९७२ मध्ये कोपनहेगनच्या उत्तरेस सेटेडॅमेन ही पहिली वसाहत उभी राहिली. वृत्तपत्रातील लेखामुळे वसाहत उभी राहिल्याची उदाहरणे जगात फारशी नसावीत, त्यामुळे वृत्तपत्रात लिहिणाऱ्या कोणालाही हा वृत्तांत जरा धीर देणारा वाटतो. परंतु ही कमी उंचीची घरे होती, उपनगराच्या मोकळ्या जमिनीवर बांधलेली. मुंबईचे दादर, पुण्याची नारायण पेठ किंवा नागपूरचा महाल येथे राहणाऱ्या माणसाला त्यांतून शिकण्यासारखे थोडेच आहे.

त्याला अधिक उपयोगी पडावीत अशी उदाहरणे झ्यूरिक आणि बार्सिलोना या दाटीच्या शहरांतील आहेत. झ्यूरिकमध्ये 'काल्कब्राइटे' ही सहकारी इमारत २०१४ मध्ये चक्क ट्रामगाड्यांच्या आगारावर उभी राहिली. जमीन शहराची, ती दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने संस्थेला दिलेली, राहणारा सभासद मालक नाही, तो खर्चाइतके भाडे भरतो, आणि घर सोडताना ते बाजारभावाने विकू शकत नाही. या इमारतीत प्रत्येक कुटुंबाच्या घराखेरीज काही सुट्या खोल्या राखलेल्या आहेत, ज्या आजारी आईला जवळ आणावयाचे असेल किंवा वयात आलेल्या मुलाला स्वतंत्र खोली हवी असेल तर त्या कुटुंबाने काही काळापुरत्या भाड्याने घ्याव्यात आणि गरज सरली की परत कराव्यात. आपल्याकडे अशा वेळी लोक कर्ज काढून मोठे घर घेतात आणि मुलगा परदेशी गेल्यावर त्या खोलीत इस्त्रीचे टेबल, जुनी मासिके आणि बंद पडलेले व्यायामाचे यंत्र ठेवतात. शहरातील एकतृतीयांश भाड्याची घरे २०५० पर्यंत अशा ना-नफा संस्थांकडे असावीत, असा कौल झ्यूरिकच्या मतदारांनी २०११ मध्ये दिला, ही गोष्ट गृहनिर्माण हा फक्त बाजाराचा विषय आहे असे समजणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बार्सिलोनातील 'ला बोर्दा' त्याहून लहान, अवघ्या २८ घरांची. महापालिकेने जमीन ७५ वर्षांच्या पट्ट्याने दिली; सभासदांनी मधल्या चौकाभोवती गॅलऱ्यांची लाकडी इमारत बांधली, धुलाईची यंत्रे, जेवणघर आणि पाहुण्यांच्या खोल्या सामाईक ठेवल्या, आणि तळघरात वाहनतळ केलाच पाहिजे या नियमातून आपली सुटका करून घेतली, कारण गाड्या नसलेल्या माणसांनी गाड्यांसाठी तळघर खणण्याचा खर्च का सोसावा, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. चौक आणि त्याभोवतीची गॅलरी! हे वर्णन ऐकताना पुण्याच्या वाड्यात किंवा गिरगावच्या चाळीत बालपण गेलेल्या वाचकाच्या चेहऱ्यावर स्मित उमटले तर नवल नाही.

मात्र त्या स्मितापाशीच आपण सावध झाले पाहिजे. चाळीविषयीचे हळवे स्मरण हा मराठी मध्यमवर्गाचा जुना छंद आहे, आणि तो बहुतांशी अशा लोकांचा छंद आहे ज्यांनी चाळ सोडून बरीच वर्षे झाली. मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक. पाणी ठरावीक वेळेला. चाळीतील त्या बहुचर्चित आपुलकीचा निम्मा भाग तरी अगतिकतेतून आला होता, आणि तिची किंमत पहाटे उठून पाणी भरणाऱ्या, कपडे बदलायला आडोसा शोधणाऱ्या बायकांनी भरली. त्या रहिवाशांना आज ५०० चौरस फुटांचे, स्वतःच्या संडास-बाथरूमचे घर मिळत असेल तर ते त्यांच्या हक्काचे आहे आणि कोणा निबंधकाराने त्याबद्दल उसासे टाकू नयेत. आक्षेप एवढाच की, खोलीचे पाचशे फूट झाले त्याच नकाशात शेजाऱ्यांच्या गाठीभेटीच्या जागेचे शून्य झाले, आणि हे दोन्ही एकाच वेळी होणे अपरिहार्य आहे असे सर्वांनी गृहीत धरले.

चाळीपेक्षा अधिक बोधप्रद असे दोन प्रकार गिरणगावाच्या आणि धोबीतलावाच्या इतिहासात आहेत, ज्यांची आठवण फारशी कोणी काढत नाही. एक म्हणजे गावाची खोली: कोकणातील किंवा घाटावरील एकेका गावाच्या मंडळाने गिरणगावात धरून ठेवलेली, जिच्यात त्या गावचे चाकरमानी पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि जेवायला शेजारच्या खाणावळीत जात. दुसरा गोवेकरांचा कूड: गोव्याच्या खेड्यांनी मुंबईत चालवलेली निवासगृहे, जेथे जहाजावरचा खलाशी दोन सफरींच्या मध्यंतरी उतरे, भिंतीशी आपली पेटी ठेवी, माफक वर्गणी देई, संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बसे आणि पुन्हा बंदराकडे जाई. या दोन्ही ठिकाणी जागेची मालकी व्यक्तीची नव्हती. ती समूहाची होती, आणि येणाराजाणारा बदलत राहिला तरी व्यवस्था टिकत असे. खाणावळ चालवणाऱ्या स्त्रियांच्या श्रमाला संघटनेचे बळ मिळाले ते मात्र बऱ्याच उशिरा, प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा. एकट्या पुरुषांच्या या व्यवस्थांतून कुटुंबांच्या घराचा नमुना मिळत नाही हे खरे. पण नागरी जीवनात माणसाला कधी एक खोली, कधी तीन खोल्या आणि कधी फक्त एक पेटी ठेवण्याएवढी जागा लागते, हे ज्ञान त्यांच्यापाशी होते.

कुटुंबांसाठीचा नमुना सापडतो तो सहकारी चळवळीत. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. आशियातील अगदी आरंभीच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांत तिची गणना होते, आणि ताडदेवची तालमकीवाडी अद्याप त्यांचे नाव राखून आहे. या पद्धतीत इमारत संस्थेची, सभासद तिचा भागधारक आणि त्याच वेळी तिचा भाडेकरू, असा दुहेरी संबंध होता. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याखालील १९६१ च्या नियमांत गृहनिर्माण संस्थांचे जे वर्ग पाडले आहेत त्यांत भाडेकरू मालकी आणि भाडेकरू सहभागीदारी असे दोन प्रमुख वर्ग असून, दुसऱ्या वर्गात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेकडे राहतात व सभासदाला गाळ्याचा भोगवटा मिळतो. मुंबईतील बहुतेक गाळेधारक संस्था याच दुसऱ्या वर्गात नोंदलेल्या आहेत. म्हणजे 'माझा फ्लॅट' असे छातीठोकपणे म्हणणारा आपला सभासद कागदोपत्री भाग-प्रमाणपत्राचा धारक आणि संस्थेच्या वास्तूचा भोगवटादार आहे. झ्यूरिकच्या सभासदाचे स्थान कायद्याच्या दृष्टीने त्याच्याहून फार दूरचे नाही.

मग बिघडले कोठे? माझ्या मते क्रम उलटला, तेथे. तालमकींच्या काळी संस्था आधी जन्मे आणि इमारत मागून. कोणाबरोबर राहावयाचे हे ठरल्यावर कसे राहावयाचे याचा विचार होई. वांद्र्याच्या साहित्य सहवासात मराठी लेखकांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि मग घरे बांधली, हा त्याच परंपरेतला बहुधा सर्वांत परिचित दाखला. पुढे बिल्डरचा काळ आला. इमारत आधी उभी राहू लागली, गाळे सुटे सुटे विकले जाऊ लागले, आणि खरेदीदारांच्या हितरक्षणासाठी १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा करावा लागला, ज्यान्वये एकमेकांना न ओळखणाऱ्या खरेदीदारांची संस्था मागाहून नोंदवणे आणि जमीन-इमारतीची मालकी तिच्या नावे करून देणे हे बिल्डरचे कर्तव्य ठरले. ते कर्तव्य किती जणांनी पाळले याची साक्ष मानीव अभिहस्तांतरणासाठी उपनिबंधकांच्या कार्यालयात हेलपाटे घालणारे सभासद देतील. अशा रीतीने संस्था ही घर बांधण्याची शक्ती न राहता मेंटेनन्स गोळा करण्याची, पाण्याच्या टाक्या धुऊन घेण्याची आणि कुत्र्यांविषयी सूचना लावण्याची यंत्रणा बनली.

पुनर्विकासाचा क्षण मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. येथे उलटलेला क्रम पुन्हा सुलट होतो: संस्था अस्तित्वात आहे, माणसे एकमेकांना तीस-चाळीस वर्षे ओळखतात, भांडणेसुद्धा जुनी आणि परिचित आहेत, आणि इमारत अजून व्हावयाची आहे. स्वयंपुनर्विकासाला सवलती देणारा शासन निर्णय २०१९ मध्ये निघाला, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने त्यासाठी कर्जे दिली, आणि बिल्डरला न बोलावता इमारत पाडून बांधता येते हे काही संस्थांनी सिद्ध केले. परंतु बिल्डरचा नफा वाचला की त्याचेही चौरस फूटच करून वाटून घ्यावेत, यापलीकडे बहुतेकांची कल्पना जात नाही. वाढीव क्षेत्रातला दहावा हिस्सा जरी सर्वांनी मिळून सामाईक खोल्यांसाठी सोडला, तर चाळीस घरांच्या संस्थेत प्रत्येकी दीडशे फूट वाढ मिळत असता सहाशे फुटांची जागा उभी राहते. म्हणजे पाहुण्यांच्या दोन खोल्या, धुलाईची खोली आणि वीस माणसे बसतील असे जेवणघर. प्रत्येकाचे घर त्यापायी पंधरा फुटांनी लहान होईल, एका कपाटाएवढे.

या हिशेबाच्या आड नियमावली येते, हेही सांगितले पाहिजे. संस्थेचे कार्यालय आणि व्यायामशाळा चटईक्षेत्र निर्देशांकातून वगळण्याची तरतूद मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत आहे. पाहुण्यांची खोली किंवा सामाईक स्वयंपाकघर यांना तसे स्वतंत्र खाते नाही. २०१२ च्या दुरुस्तीने बाल्कनीसारखी पूर्वी सुटीची असलेली क्षेत्रे मोजणीत आली व त्यांच्या बदली ३५ टक्के फंजिबल, म्हणजे हवे तसे वापरता येणारे, क्षेत्र मिळाले, आणि साहजिकच बिल्डरांनी ते सारे खोल्यांच्या आत ओढून घेतले. गंमत अशी की झोपडपट्टी पुनर्वसनाच्या योजनेत बालवाडी, कल्याण केंद्र आणि संस्थेचे कार्यालय झोपड्यांच्या संख्येच्या प्रमाणात बांधलेच पाहिजे असा दंडक आहे. म्हणजे सामाईक खोलीचे तत्त्व शासनाला ठाऊक आहे, पण ते गरिबांसाठी. त्या खोल्या कशा वापराव्यात हे ठरवण्यात राहणाऱ्यांचा हात नसल्याने त्यांतल्या अनेकींना कुलूप असते, हा भाग निराळा.

आता रचनेविषयी. घर बदलत्या कुटुंबाबरोबर बदलू शकले पाहिजे, हा विचार आपल्या वास्तुविशारदांनी जगाला शिकवावा इतक्या समर्थपणे मांडला आहे. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी बेलापूरला कलाग्राम उभारताना सात घरांचा पुंजका एका लहान अंगणाभोवती बसवला, तीन पुंजके एका मोठ्या अंगणाभोवती, आणि कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक ठेवली नाही, जेणेकरून ज्याला त्याला ऐपतीप्रमाणे घर वाढवता यावे. बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत सर्वांत गरीब कुटुंबाला जोते, मोरी आणि एक खोली देऊन बाकीचे घर त्यांच्या हाती सोपवले. त्या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला. बेलापूरच्या मूळ कौलारू घरांपैकी बरीच आज काँक्रीटची आणि उंच झाली आहेत, आणि पर्यटक-वास्तुविशारद त्याबद्दल हळहळतात. पण अंगणे उरली आहेत, आणि कोरियांची परीक्षा घ्यायचीच तर ती अंगणांवर घ्यावी.

जमिनीलगतच्या घरांचे हे शहाणपण उंच इमारतीत न्यावयाचे तर सांगाडा आणि त्यातील भरण यांची फारकत करावी लागते, हे डच वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ मध्येच सांगितले होते: खांब, तुळया, जिने आणि नळांचे मार्ग शंभर वर्षांचे, आतल्या भिंती वीस वर्षांच्या. आपल्याकडे नेमके उलटे चालले आहे. पुनर्विकासाच्या मनोऱ्यांत आता सर्रास वापरली जाणारी ॲल्युमिनियमच्या साच्यांची पद्धत, जिला बांधकामावर सगळे 'मायवान' म्हणतात, तिने भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतले जातात; काम झपाट्याने होते, गिलाव्याचा खर्च वाचतो, पण बहुतेक भिंती भार वाहणाऱ्या काँक्रीटच्या होऊन बसतात आणि त्यांना हात लावता येत नाही. दोन घरांचे एक करणे, मोठ्या घरातून म्हाताऱ्या आईवडिलांसाठी छोटे घर वेगळे काढून उरलेले भाड्याने देणे, हे सारे त्या इमारतीच्या आयुष्यात कायमचे बंद. आज पंचेचाळीस वर्षांचा असलेला सभासद ज्या घराचा नकाशा मंजूर करतो त्यात तो सत्तराव्या वर्षीही राहणार आहे, हे सल्लागाराने त्याला सभेत सांगावयास नको काय? खांब-तुळयांचा सांगाडा, आत हलक्या विटांच्या भिंती, संडास-न्हाणीघराच्या ओल्या जागा जिन्याजवळच्या उभ्या डक्टला लागून, आणि मोठ्या घराला दोन प्रवेशद्वारे: एवढ्या चार गोष्टी लेखी मागितल्या तरी पुढल्या पिढीची मोकळीक शाबूत राहते. खर्च थोडा वाढतो, मुदत काही महिन्यांनी लांबते. इमारत पन्नास वर्षांनी पुन्हा पाडून तिचा राबिट खाडीत टाकण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

पर्यावरणाचा प्रश्न मी मुद्दामच येथवर आणला नाही, कारण आपल्याकडे तो छपरावरच्या सौर पट्ट्यांपासून सुरू होऊन तेथेच संपतो. त्या हव्यात, पावसाचे पाणीही जिरवले पाहिजे. परंतु सर्वांत कमी सिमेंट आणि पोलाद लागते ते न बांधलेल्या खोलीला, आणि सर्वांत कमी वीज लागते ती दोन बाजूंनी वारा खेळणाऱ्या घराला. एका बाजूला गॅलरी आणि दुसऱ्या बाजूला खिडकी असलेल्या चाळीच्या खोलीतून वारा आरपार जात असे. मधल्या अंधाऱ्या बोळाच्या दोन्ही अंगांना घरे असलेल्या आजच्या मनोऱ्यात तो जात नाही, म्हणून प्रत्येक खोलीला वातानुकूलन यंत्र लागते. २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली होती, आणि तरीही आपण घरांची टंचाई आहे म्हणून बांधत सुटलो आहोत. टंचाई आहे ती लोकांना परवडतील आणि राहता येतील अशा घरांची.

सहनिवासावर घेतले जाणारे आक्षेप मी हलके मानत नाही. भांडणे होतील, हा त्यांतला सर्वांत किरकोळ. भांडणे आत्ताही होतात, फक्त पाण्याच्या गळतीवरून. सामाईक स्वयंपाकघर म्हणजे बायकांच्या माथी आणखी एक फुकटचे काम, हा आक्षेप गंभीर आहे, आणि डेन्मार्कमध्ये स्वयंपाकाची पाळी पुरुषांनाही चुकत नाही एवढे सांगून त्याचे निरसन होत नाही. आपल्याकडे पुरुषांची पाळी लेखी ठरावाने लावावी किंवा रोख मोबदला देऊन ते काम करून घ्यावे, तिसरा मार्ग फसवा आहे. परंतु खरा धोका निराळाच आहे. शेजारी निवडण्याचे स्वातंत्र्य दिले की आपला समाज जात आणि धर्म निवडतो. सारस्वतांची संस्था सारस्वतांचीच होती; पारशी संस्थेने सभासदत्व पारशांपुरते राखण्याला २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बाध आणला नाही; आणि मुसलमान, दलित किंवा एकट्या स्त्रीला घर नाकारताना आजच्या संस्थांना पोटनियमाचीही गरज पडत नाही, सेक्रेटरीचा एक फोन पुरतो. ज्या सहनिवासात आडनाव पाहून पाहुण्यांच्या खोलीची किल्ली दिली जाते, तो उभा न राहिलेलाच बरा.

म्हणून किल्ली जमिनीपाशी आहे, असे मी मानतो. खाजगी जमिनीवरची संस्था कोणाला सभासद करते यावर अंकुश ठेवणे दुष्कर. सार्वजनिक जमीन देताना मात्र शासन अट घालू शकते, आणि एके काळी घालतही असे. मुंबईत व उपनगरांत अनेक सहकारी संस्थांना शासनाने भोगवटादार वर्ग २ च्या किंवा पट्ट्याच्या जमिनी दिल्या, ज्यांवरील घरे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नसत. त्या परवानगीसाठी लोकांना दफ्तराच्या किती पायऱ्या झिजवाव्या लागल्या ते जगजाहीर आहे, आणि २०१९ च्या नियमांनी नजराणा भरून त्या वर्ग १, म्हणजे मोकळ्या मालकीच्या, करून घेण्याची वाट मोकळी झाली तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, हेही स्वाभाविक होते. पण सगळीकडे हीच रीत चालली, तर बाजारभावाच्या बाहेर घर ठेवण्याचे शासनाच्या हातातले एकमेव साधन नजराण्याच्या पावतीवर कायमचे विकले जाईल. जुन्यांना मोकळे करावयाचे असेल तर खुशाल करावे; नव्यांना मात्र मोकळी मालकी देऊ नये.

मागणे फार मोठे नाही. महसूल आणि नगरविकास खात्यांनी पुणे, नागपूर आणि नवी मुंबई येथे प्रत्येकी एक भूखंड लिलावातून वगळावा आणि भाडेकरू सहभागीदारीच्या संस्थेला ९० वर्षांच्या पट्ट्याने द्यावा. निम्मे सभासद सोडतीने घ्यावेत, उरलेले अर्जदारांनी एकत्र येऊन ठरवावेत. घर बाजारात विकता येणार नाही, सोडणाऱ्याला त्याचे भागभांडवल व्याजासह परत मिळेल. कर्ज सभासदाला न देता संस्थेला द्यावे. आणि सामाईक खोल्या, ठरावीक मर्यादेपर्यंत, चटईक्षेत्रात मोजू नयेत. तीन भूखंडांनी शहरांची टंचाई हटणार नाही, पण नमुना डोळ्यांसमोर उभा राहील. आणि ज्यांच्या संस्थेची पुनर्विकासाची सभा येत्या महिन्यांत भरणार आहे, त्यांनी शासनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. नकाशावर सही करण्यापूर्वी वास्तुविशारदाला इतकेच विचारावे की आतली कोणती भिंत उद्या पाडता येईल आणि आम्हा सर्वांची म्हणून एक तरी खोली यात कोठे आहे. या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे मिळेपर्यंत ठराव पुढे ढकलण्याचा अधिकार सर्वसाधारण सभेला आहे, आणि तो तिने बजावावा.